जुनं दार दर पावसाळ्यात अडकतं, चिकटवलेले सांधे पुन्हा उघडतात: दोष कुठे शोधायचा आणि दुरुस्ती कशी टिकवायची

तक्रार बहुतेक सगळ्यांची एकच असते. हवा दमट झाली की जुनं लाकडी दार चौकटीत अडकायला लागतं. सुतार येतो, कडेवरून रंधा मारतो आणि दार मोकळं होतं. पुढे हवा कोरडी झाली की त्याच कडेला बोट जाईल एवढी फट पडते. पुढच्या पावसाळ्यात दार पुन्हा अडकतं, आणि आता भलत्याच कोपऱ्यात. मधल्या काळात खालचा सांधा उघडतो. त्यात गोंद भरला जातो, वरून लोखंडी कोन ठोकला जातो, आणि काही महिन्यांत त्या कोनाच्या स्क्रूंमधूनच लाकडाला उभी चीर जाते. शेवटी कुणीतरी सांगतं, "लाकूड खराब झालंय, बदलून टाका."

लाकूड बहुतेक वेळा चांगलंच असतं. अशी दारं, खिडक्यांची पाखं आणि कपाटं पाहताना मला पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसते: दुरुस्ती करताना लाकडाचं हलणं कुणी हिशेबात धरलेलं नसतं. लाकूड हलणारच. सांधा, पॅनल किंवा कड त्याला जिथे हलू देत नाही, तिथे ते स्वतःला चिरडून घेतं नाहीतर फाटतं. म्हणून रंधा हातात घेण्याआधी नेमकं काय अडलंय ते शोधायचं.

लाकूड किती हलतं, याचा अंदाज

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. रेषेच्या दिशेने, म्हणजे लांबीत, त्याचा फरक नगण्य असतो. रुंदीत मात्र ते फुगतं आणि आकसतं. सागवान हे कमी हलणारं लाकूड. तरीही सागाच्या फळीतला ओलावा १ टक्क्याने वाढला, तर दर १०० मिलिमीटर रुंदीमागे ती साधारण ०.१९ मिलिमीटर वाढते. हा आकडा झाला वाढीची वलयं रुंद बाजूला समांतर असलेल्या फळीचा. फळीच्या टोकाकडून पाहिलं आणि वलयं जाडीच्या दिशेने उभी दिसली, तर फरक जवळपास निम्मा असतो. ओक, बीच यांसारखी लाकडं सागाच्या साधारण दुप्पट हलतात.

आता हिशेब करू. कोरड्या दिवसांत लाकडात ९ टक्के ओलावा आहे आणि दमट दिवसांत तो १५ टक्के झाला, असं धरा. फळ्या शेजारी शेजारी जोडून केलेलं ८०० मिलिमीटर रुंदीचं सपाट दार जवळजवळ ९ मिलिमीटर फुगेल. उभ्या-आडव्या पट्ट्यांच्या सांगाड्यात पॅनल बसवलेलं तेवढ्याच रुंदीचं दार मात्र फार तर २ ते सव्वादोन मिलिमीटर वाढेल. कारण त्यात रुंदी वाढवणाऱ्या पट्ट्या दोनच, दोन्ही बाजूंच्या १००-१०० मिलिमीटरच्या उभ्या पट्ट्या. मधल्या आडव्या पट्ट्या आपल्या लांबीत पडतात, म्हणून त्या दाराची रुंदी वाढवत नाहीत. पॅनल आपल्या खोबणीत आतल्या आत फुगतो. पॅनलची पद्धत निघाली ती एवढ्याचसाठी. शोभा त्यातून आपोआप आली.

निदानासाठी हा आकडा फार कामाचा आहे. पॅनलचं सागवानी दार एका ऋतूत ४-५ मिलिमीटरने अडकत असेल, तर नुसतं फुगणं एवढं करूच शकत नाही. सांधा उघडलाय, दार लोंबलंय किंवा पॅनल आतून पट्ट्यांना ढकलतोय, या तिन्हींपैकी काहीतरी झालंय. अशा दारावर रंधा मारणं म्हणजे चांगलं लाकूड काढून टाकणं.

आधी तपास

दाराच्या कडेवर खडू घासा, दार दोन-तीनदा लावा-उघडा आणि चौकटीवर खडू कुठे उतरला ते पाहा. मग बंद दाराच्या फटीतून जाडसर कागदाची पट्टी चारही बाजूंनी फिरवा. जिथे ती अडते तिथे पेन्सिलने खूण करा. कडीच्या बाजूची कड वरपासून खालपर्यंत सारखी घासत असेल तर ते फुगणं. कडीच्या बाजूचा वरचा कोपरा चौकटीला आणि खालचा कोपरा जमिनीला घासत असेल, तर दार लोंबलंय. कड मधोमध पोटासारखी बाहेर आली असेल तर पॅनलवर संशय घ्या.

लोंबलेल्या दाराची परीक्षा दोघांनी करायची. दार अर्धं उघडा. एकाने कडीच्या बाजूने खालून धरून ते हलकेच वर उचलायचं आणि दुसऱ्याने बघत राहायचं. वरची बिजागरी चौकटीतून हलताना दिसली तर दोष स्क्रूंचा. बिजागरी जागची हलत नसेल आणि खालच्या आडव्या पट्टीचा सांधा केसाएवढा उघडून मिटत असेल, तर दोष सांध्याचा. अंधाऱ्या जागी सांध्यावर टॉर्चचा उजेड तिरका पाडला की ही हालचाल स्पष्ट दिसते.

कर्ण मोजूनही दार वाकडं आहे का ते कळतं, पण इथे एक फसवणूक आहे. जुन्या दाराच्या बाहेरच्या कडा वर्षानुवर्षं रंध्याने तासलेल्या असतात. चौकट तिरकी असेल तर दारही तिच्यासारखं तिरकं कापलेलं असतं. त्यामुळे बाहेरच्या चार कोपऱ्यांचे कर्ण वेगळे आले म्हणून सांधे ढिले झालेत असं ठरत नाही. काटकोन्या आतल्या कोपऱ्यात लावा, जिथे आडवी पट्टी उभीला मिळते. त्या जागी रंधा कधी पोचलेला नसतो. तिथला कोन बिघडला असेल तर सांधा सरकला आहे, हे नक्की.

शेवटी एक टोच्या घ्या आणि उभ्या पट्ट्यांची खालची टोकं, चौकटीचे पाय आणि उंबरठ्याजवळचा भाग दाबून पाहा. टोच्या सहज आत शिरला, लाकूड तुकड्या-तुकड्यांनी सुटलं, तर तिथे कूज आहे. लाकडात ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. म्हणजे कूज असेल तर पाणी येण्याची वाट अजून चालू आहे का, हे आधी शोधायला हवं. बारीक भोकांतून ताजी पिठासारखी भुकटी पडत असेल तर कीड जिवंत आहे, आणि तिचा बंदोबस्त सुतारकामाच्या आधी करायचा.

बिजागरीचा दोष असेल तर

हे सगळ्यांत सोपं काम, पण तेही लोक काड्यापेटीच्या काड्या कोंबून करतात. त्या काड्या काही दिवस धरतात आणि मग चुरा होऊन पडतात. स्क्रूचं खराब झालेलं भोक स्वच्छ गोल पाडून घ्या आणि त्यात त्याच जातीच्या किंवा तेवढ्याच कठीण लाकडाची बुंध, म्हणजे भोकात बसणारा गोल तुकडा, गोंदाने बसवा. बुंधीच्या रेषा स्क्रूच्या दिशेला आडव्या असाव्यात. स्क्रू रेषांना समांतर शिरला तर त्याची पकड कमी पडते. बुंध वाळल्यावर नवीन भोक पाडून स्क्रू घाला. बिजागरी चौकटीत खोल गेली असेल आणि त्यामुळे दार बिजागरीच्या बाजूलाच दाबलं जात असेल, तर तिच्या मागे जाड पुठ्ठ्याची किंवा पातळ लाकडी पट्टी घातली की झालं.

घट्ट बसवलेला सांधा सैल का होतो

हा या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

हातोडीचा दांडा सैल झाला की लोक ती रात्रभर पाण्यात ठेवतात. सकाळी दांडा घट्ट. पण चार दिवसांनी तो आधीपेक्षा जास्त खुळखुळतो. पाण्यात दांडा फुगला, पण लोखंडी भोकाने त्याला बाहेर जाऊ दिलं नाही. मग लाकडाचे तंतू आतल्या आत चिरडले गेले. वाळल्यावर ते मूळ आकारात परत येत नाहीत, आधीपेक्षा बारीक होतात. जुन्या दारात नेमकं हेच दर वर्षी घडत असतं, फक्त हळूहळू.

खालच्या आडव्या पट्टीचं उदाहरण घ्या. ती बहुधा सगळ्यांत रुंद असते, २०० मिलिमीटरच्या आसपास. तिच्या टोकाला कोरून काढलेलं कुसू उभ्या पट्टीच्या खाचेत बसतं. पट्टीची रुंदी दमट-कोरड्यात सव्वादोन मिलिमीटर हलते. पण उभ्या पट्टीतली खाच त्याच दिशेने तिच्या लांबीत आहे, आणि लांबी हलत नाही. एकाच सांध्यात एक लाकूड फुगायला बघतं आणि दुसरं त्याला धरून ठेवतं. कुसू पूर्ण रुंदीत खाचेत ठासून बसवलं असेल तर दमट दिवसांत ते चिरडलं जातं. कोरड्या दिवसांत ते खाचेपेक्षा लहान पडतं आणि त्यावरचा गोंद तुटतो. कुणी जास्त ताकदीचा गोंद लावला तर गोंद टिकतो आणि पट्टी मधोमध रेषेच्या दिशेने फाटते.

लोखंडी कोन ठोकल्याने हेच आणखी बिघडतं. कोनाचे स्क्रू आडव्या पट्टीला दोन ठिकाणी कायमचं धरून ठेवतात, त्यामुळे कोरड्या दिवसांत ती आकसायला गेली की त्या दोन स्क्रूंच्या मधल्या रेषेवर फाटते. कोन काढल्यावर मागे राहिलेली चीर पाहिली तर ती जवळजवळ नेहमी एका स्क्रूपासून सुरू झालेली दिसते. माझ्या मते जुन्या दाराला कोन लावणं ही सगळ्यांत महागात पडणारी दुरुस्ती आहे, कारण पुढे ती पट्टीच बदलावी लागते.

पॅनलच्या फटीत आणि फळ्यांच्या चिरांत लांबी (पुट्टी) भरण्याचंही तेच. कोरड्या दिवसांत चीर रुंद दिसते, म्हणून ती कडक लांबीने भरली जाते. दमट दिवसांत लाकूड फुगतं, मधली लांबी दबत नाही, मग लाकूडच चिरडलं जातं. पुढच्या कोरड्या दिवसांत चीर आधीपेक्षा रुंद निघते आणि लांबी पापुद्र्यासारखी सुटून पडते. ऋतूप्रमाणे उघडझाप करणाऱ्या चिरेत कडक काही भरू नका. ती फारच डोळ्यांत भरत असेल तर त्याच लाकडाची पातळ चिरफळी एकाच बाजूला गोंदाने धरून बसवा आणि दुसरी बाजू मोकळी ठेवा.

सांधा उघडताना

ढिल्या सांध्यात सुईने किंवा पट्टीने गोंद सोडून क्लॅम्प आवळायचा मोह सगळ्यांना होतो. तो टाळा. पांढरा डिंक (फेविकॉलसारखा गोंद) वाळलेल्या जुन्या गोंदावर नीट धरत नाही, त्याला उघडं लाकूड लागतं. शिवाय तो फट भरण्यासाठी नसतो. दोन पृष्ठभाग जवळजवळ टेकलेले असले तरच त्याची ताकद कामाला येते. चिरडून बारीक झालेल्या कुसवाभोवती अर्धा मिलिमीटर जागा असेल तर त्यात ओतलेला डिंक नुसता भरून राहतो, भार घेत नाही.

म्हणून सांधा पूर्ण उघडायचा. आधी लाकडी मेखा शोधा. रंगाखाली लपलेल्या असतात, खरवडलं की लहान गोल किंवा चौकोनी टोक दिसतं. मेख बहुधा एका बाजूने जाड आणि दुसऱ्या बाजूने निमुळती असते. निमुळत्या टोकाकडून ठोकून ती बाहेर काढायची. उलट दिशेने ठोकलं तर खाचेच्या गालाची, म्हणजे बाजूच्या भिंतीची, कपची उडते. ठोकून निघत नसेल तर तिच्यापेक्षा किंचित बारीक भोक पाडून उरलेलं पटाशीने सोलून काढा.

जुन्या कामात बहुतेक करून सरस, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला गोंद, असतो. सांध्यात कोमट पाणी सोडून वाट पाहिली की तो मऊ होतो, बोटांना चिकट लागतो. अलीकडच्या दुरुस्तीतला पांढरा डिंक पाण्याने पांढुरका आणि रबरासारखा होतो. त्याला उष्णता किंवा व्हिनेगर लागतं. एकाच सांध्यात दोन्ही भेटले तर आश्चर्य वाटून घेऊ नका. सांधा सुटत नसेल तर लाकडावर सरळ हातोडा न मारता मध्ये लाकडाचा ठोकळा धरून दोन्ही बाजूंनी थोडं थोडं ठोका, किंवा उलटा वापरता येणारा क्लॅम्प लावून हळूहळू ढकला. सुटल्यावर प्रत्येक तुकड्यावर आणि त्याच्या खाचेवर जुळणारा आकडा लिहा. हाताने केलेल्या कामात एकसारखी दिसणारी चार कुसवं कधीच एकसारखी नसतात.

रंग काढायचा असेल तर एक सावधगिरी: जुन्या थरांत शिसं असू शकतं. असे थर कोरड्या सँडपेपरने घासू नका आणि भट्टीसारख्या उष्णतेने जाळूही नका. ओलं करून खरवडा, खरवड गोळा करा आणि मुलांना तिथे फिरकू देऊ नका.

मग कुसवाचं काय करायचं

सैल झालेलं पण निकोप कुसू वाचवता येतं. त्याच्या दोन्ही गालांवर त्याच जातीच्या लाकडाच्या पातळ चिरफळ्या गोंदाने चिकटवा. त्यांच्या रेषा कुसवाच्या रेषांना समांतर ठेवा, आडव्या लावल्या तर त्या पुढच्या ऋतूत सुटतील. गोंद पूर्ण वाळल्यावर खाचेचं माप घेत पटाशीने थोडं थोडं सोला. हाताने दाबून आत जाईल आणि उलटं धरलं तर स्वतःच्या वजनाने पडणार नाही, एवढं घट्ट पुरे. ठोकावं लागत असेल तर अजून सोला. इथे घाई केली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

कुसू मोडलं किंवा कुजलं असेल तर पट्टीच्या टोकातही खाच पाडायची आणि दोन्ही खाचांत बसेल असं सुटं कुसू करून घ्यायचं. बाहेरून काहीच कळत नाही आणि ताकद मूळ सांध्याच्या जवळ जाते. जाडी उभ्या पट्टीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश ठेवावी.

आता खरी सुधारणा. रुंद पट्टीचं कुसू एकसंध २०० मिलिमीटर ठेवू नका. त्याचे दोन भाग करा आणि मध्ये फक्त तोकडी जीभ ठेवा, म्हणजे पट्टी पिळवटणार नाही. एका भागाला, ज्या बाजूची रेघ दाराच्या खालच्या कडेला जुळून राहायला हवी त्या बाजूला, गोंद लावा आणि घट्ट मेख ठोका. दुसरा भाग गोंदाशिवाय ठेवा. त्याची खाच रुंदीच्या दिशेने दीड-दोन मिलिमीटर मोठी करा, आणि त्याच्या मेखेचं भोक कुसवात त्याच दिशेने लांबट कोरा. आता पट्टी एका टोकाला पक्की आहे आणि दुसऱ्या टोकाला हलायला मोकळी. जुन्या चांगल्या दारांत ही युक्ती बऱ्याचदा सापडते. नंतरच्या दुरुस्तीत कुणीतरी तिथेही गोंद ओतलेला असतो, एवढंच.

मेखेचं भोक सरळ न पाडता कुसवातलं भोक सांध्याच्या खांद्याकडे, म्हणजे कुसू जिथे पट्टीतून निघतं तिकडे, एक ते दीड मिलिमीटर सरकवून पाडलं, तर निमुळती मेख ठोकताना ती पट्टी आत ओढते आणि सांधा आवळून धरते. असा सांधा गोंद गेला तरी उघडत नाही. मेख रेषेवर फोडून काढलेल्या, सरळ रेषांच्या लाकडाची हवी. बाजारातली कापीव गोल काडी अशा ओढीत मोडते.

खाली कुजलेली उभी पट्टी

उभ्या पट्टीचं खालचं टोक हे दाराचं सगळ्यांत दुबळं ठिकाण. तिथे लाकडाच्या नळ्या जमिनीकडे तोंड करून उघड्या असतात. लाकडात ओलावा रेषांच्या दिशेने आडव्यापेक्षा १० ते १५ पट वेगाने सरकतो. फरशी पुसल्याचं पाणी, उंबरठ्यावर साठलेलं पाणी, सगळं तिथून वर चढतं. दार रंगवताना मात्र ही खालची कड हमखास सुटते, कारण दार उतरवल्याशिवाय ब्रश तिथे पोचत नाही.

कूज तळाच्या हातभर भागात असेल तर पूर्ण पट्टी फेकू नका. कुजलेल्या भागाच्या वर निकोप लाकूड लागेपर्यंत कापा आणि तिरका जोड द्या. उताराची लांबी पट्टीच्या जाडीच्या निदान ८ पट असावी. ३५ मिलिमीटर जाडीच्या पट्टीला २८० मिलिमीटरचा तिरपा काप. एवढा लांब ठेवायचं कारण असं की टोकाला टोक चिकटवलेलं लाकूड जवळजवळ धरतच नाही, लांब उतारावर मात्र रेषेला रेष मिळते. नवीन तुकडा त्याच जातीचा घ्या आणि त्याच्या टोकावरची वलयं जुन्या पट्टीच्या वलयांच्या दिशेला जुळवा. नाहीतर नवा आणि जुना भाग वेगवेगळ्या मापाने हलतील आणि जोडावर पायरी पडेल, जी रंगाखालूनही हाताला लागते. नवीन लाकूड कापण्याआधी ते त्याच खोलीत काही आठवडे, आडव्या काड्यांवर, हवा खेळती राहील असं रचून ठेवावं. अशा ओलसर जागी साध्या पांढऱ्या डिंकापेक्षा पाणी सहन करणारा गोंद किंवा इपॉक्सी बरा.

पॅनल मोकळा आहे ना?

पॅनल हलवून पाहा. तो किंचित सरकायला हवा. बऱ्याच जुन्या दारांत तो दगडासारखा जाम असतो, कारण रंगाचे थर खोबणीत उतरून पॅनल आणि पट्टी यांना एकत्र चिकटवतात. मग कोरड्या दिवसांत पॅनल मधोमध फाटतो, आणि दमट दिवसांत उभ्या पट्ट्यांना बाहेर ढकलून सांधे उघडतो. धारदार पात्याने पॅनलच्या कडेने रंग चिरून घ्या. पुष्कळ दारांचा आजार एवढ्यानेच अर्धा होतो.

नवीन पॅनल करून घेताना ऋतूचा हिशेब धरा. ४०० मिलिमीटर रुंदीचा सागवानी पॅनल ६ टक्के ओलाव्याच्या फरकात साडेचार मिलिमीटर हलतो. कोरड्या दिवसांत बसवत असाल तर दोन्ही बाजूंच्या खोबणींत मिळून तेवढी जागा रिकामी ठेवा. दमट दिवसांत बसवत असाल तर तो जवळजवळ तळाला टेकला तरी चालेल, कारण त्याला आता आकसायचंच आहे. खोबण १० ते १२ मिलिमीटर खोल असली म्हणजे आकसल्यावरही तो बाहेर येत नाही. वर-खाली मधोमध एकेक बारीक मेख दिली की पॅनल दोन्ही बाजूंना सारखा हलतो. गोंद अजिबात नको. पॉलिश किंवा रंग बसवण्याआधीच कडेपर्यंत लावून घ्या, म्हणजे कोरड्या दिवसांत कडेला कच्च्या लाकडाची पांढुरकी रेघ उघडी पडत नाही.

रंधा कधी, किती, कुठे

सांधे, बिजागऱ्या आणि पॅनल ठीक करूनही दार घासत असेल, तरच रंधा. दमट दिवसांत कुठे आणि किती घासतं त्याच्या खुणा करून ठेवा, काम कोरड्या दिवसांत करा. अगदीच अडलं तर तोवर कडेवर मेणबत्ती घासा. बरंच काढायचं असेल तर बिजागरीच्या बाजूने काढा, म्हणजे कुलपाची खाच हलवावी लागत नाही. कडीच्या बाजूची कड आतल्या अंगाला दोन-तीन अंश तिरकी ठेवली तर दार लागताना कोपरा घासत नाही. पॅनलच्या दाराला भोवती ३ मिलिमीटरची फट पुरते. दमट हवेत मापत असाल तर २ पुरे.

आणि रंध्याने उघडी पडलेली कड त्याच दिवशी बंद करा. हे इतक्या ठिकाणी राहून जातं की दर वर्षी दार अडकण्याचं अर्धं कारण इथेच आहे. उघडी कड पुढच्या दमट दिवसांत आधीपेक्षा जास्त ओलावा पिते, दार जास्त फुगतं आणि पुन्हा रंधा येतो. सहाही बाजूंना सारखाच लेप हवा. वर-खालच्या कडांना एक हात जास्त. एका बाजूला जाड रंग आणि दुसरी बाजू कोरी असेल तर दार धनुष्यासारखं वाकतं, आणि ते कुठल्याच सांध्याने सरळ होत नाही. लेपाने ओलावा थांबत नाही, त्याचा वेग मंदावतो. पण तेवढ्याने दिवसा-दोन दिवसांचे चढउतार लाकडापर्यंत पोचत नाहीत.

नवा भाग मापाने करून घेताना

जुनी चौकट काटकोनात असेल असं गृहीत धरून माप देऊ नका. रुंदी वर, मध्ये आणि खाली घ्या. उंची दोन्ही बाजूंना घ्या, दोन्ही कर्ण घ्या आणि पायांना ओळंबा लावा. आकडे जुळत नसतील तर आकड्यांवर विसंबू नका. पातळ प्लायवुडचा किंवा जाड पुठ्ठ्याचा साचा चौकटीत धरून कापा आणि तोच सुताराला द्या. सांधे मात्र काटकोनातच करायला सांगा, उभ्या पट्ट्या बाहेरून थोड्या रुंद ठेवायला सांगा, आणि तिरकेपणा शेवटी बाहेरच्या कडेवरून तासून घ्या. सांध्यालाच तिरका कोन दिला तर पुढे चौकट दुरुस्त झाली तरी दार कायमचं वाकडं राहतं. चौकटीचे पाय खाली कुजलेले असतील तर त्यांचं काम दाराच्या आधी.

कपाटाच्या दारांना वरचं सगळं तसंच लागू होतं. ड्रॉवर अडकत असेल तर आधी तळाची फळी पाहा. तिच्या रेषा समोरून मागे जात असतील तर ती फुगून दोन्ही बाजू बाहेर ढकलते. ती काढून, रेषा डावीकडून उजवीकडे येतील अशी नवीन फळी करा आणि मागच्या बाजूला हलायला जागा ठेवा.

दुरुस्ती टिकली की नाही, ते कसं कळेल

दार बसवल्यावर प्रत्येक सांध्यावर, पट्टीपासून पट्टीपर्यंत, धारदार पात्याने एक बारीक आडवी रेघ ओढा. मागच्या बाजूला ओढली तर दिसत नाही. मग एक पूर्ण दमट-कोरडं चक्र जाऊ द्या आणि रेघा पाहा. गोंद लावलेल्या भागात रेघ सलग असेल तर सांधा पक्का. मोकळ्या भागात ती मिलिमीटरभर सरकलेली दिसली तर घाबरू नका, तिथे हलायलाच जागा ठेवली होती. पक्क्या भागात रेघ तुटली असेल तर तिथली मेख पुन्हा तपासा. सगळ्या रेघा जागेवर असून दार तरीही घासत असेल, तर ओळंबा काढा आणि चौकट पुन्हा मापा. आता दाराला हात लावायची गरज नाही.